नाव पाठ, आकडा पाठ... आणि कारण?

आपल्या भागातल्या कुठल्याही घरात जा, कपाटाच्या वरच्या खणात किंवा देवघराशेजारच्या कोनाड्यात एक प्लॅस्टिकची पिशवी हमखास सापडते. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, ईसीजीच्या पट्ट्या, एक्स-रे आणि दहा वर्षांपूर्वीच्या चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात. घरातल्या थोरामोठ्यांना आपापल्या आजारांची नावे पाठ असतात आणि आकडेही. "माझी शुगर दोनशे दहा," "हिचा थायरॉईड आठ," "ह्यांचं बीपी एकशे साठ" हे आकडे लग्नाच्या पंगतीत पत्रिकेतल्या गुणांसारखे सांगितले जातात. पण "शुगर वाढते म्हणजे शरीरात नेमके काय होते?" असे विचारले, की पंगत शांत होते.

मी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामामुळे विद्यार्थ्यांबरोबर आसपासच्या खेड्यांत जाणे होते आणि तिथल्या घरांत एक गोष्ट वारंवार दिसते. डॉक्टर कन्नडमध्ये किंवा इंग्रजी मिसळून बोलतात. आजीला मराठीच कळते. मध्ये असतो नातू. डॉक्टरांनी पाच वाक्ये सांगितलेली असतात, नातवाच्या भाषांतरातून आजीपर्यंत एकच पोहोचते : "आज्जी, सकाळी एक अन् रात्री एक घ्यायची." सून धारवाडकडची असेल तर तिच्या आईच्या घरी हेच उलट्या दिशेने घडते. गोळी पोहोचते, वेळ पोहोचते, "का" मात्र वाटेत गळून पडतो. आणि ज्या गोळीचे कारण माहीत नसते, तीच गोळी जरा बरे वाटताच सर्वांत आधी बंद होते.

म्हणून आम्ही दहा प्रश्नांची एक पत्रिका तयार केली. परिचयातल्या एका डॉक्टरांकडून ती तपासून घेतली आणि विद्यार्थ्यांना घरी न्यायला सांगितली. नियम एकच : घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने आधी उत्तर द्यायचे, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जी भाषा जिभेवर येईल तीत. तीच पत्रिका आज तुमच्यापुढे ठेवत आहे. उत्तरे खाली आहेत, पण आधी हात ठेवून ती झाका!

प्रश्नपत्रिका

रक्त

१. हिमोग्लोबिन ९ होते. लोहाच्या गोळ्या घेऊन दोन महिन्यांत १२ झाले. आता गोळ्या : (अ) लगेच बंद कराव्यात (ब) आणखी काही महिने घ्याव्यात (क) थकवा वाटेल त्या दिवशी घ्याव्यात.

२. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशींचा आकार नेहमीपेक्षा मोठा आणि पायांना मुंग्या. कमतरता बहुधा कशाची? (अ) लोह (ब) बी-१२ जीवनसत्त्व (क) कॅल्शियम.

३. नवरा-बायको दोघांनाही थॅलेसेमिया मायनर आहे आणि दोघेही धडधाकट आहेत. त्यांच्या बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता किती? (अ) शून्य (ब) प्रत्येक खेपेस २५ टक्के (क) शंभर टक्के.

हृदय

४. हार्ट अटॅक म्हणजे : (अ) हृदय थांबणे (ब) हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी अचानक बंद होणे (क) ब्लड प्रेशर एकदम चढणे.

५. गोळी सुरू केल्यावर ब्लड प्रेशर १३०/८० झाले. आता गोळी : (अ) बंद करावी (ब) चालू ठेवावी (क) डोके दुखेल तेव्हाच घ्यावी.

६. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजायचे, आता विशीत जिना चढताना दम लागतो. हृदयाच्या कोणत्या भागाला इजा झाली असावी? (अ) झडपा (ब) धमन्या (क) बाहेरचे आवरण.

ग्रंथी

७. टीएसएच १८ आले (साधारण मर्यादा ४-५ पर्यंत). म्हणजे थायरॉईड ग्रंथी : (अ) जास्त काम करते (ब) कमी काम करते (क) नुसती सुजली आहे.

८. टाइप-२ मधुमेहाच्या सुरुवातीला शरीरात इन्शुलिन : (अ) मुळीच नसते (ब) असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत (क) असते, पण लघवीवाटे निघून जाते.

९. सांधेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या वर्षभर घेतल्या. चेहरा गोल झाला, शुगर वाढली. पुडीत स्टेरॉइड असल्याचे कळले. आता : (अ) त्याच दिवशी पूर्ण बंद (ब) डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी (क) चालूच ठेवावे.

आणि शेवटचा, तिन्हींचा मिळून

१०. एचबीए१सी ही तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर कशी दाखवते? (अ) साखर तीन महिने साठून राहते (ब) तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते (क) तपासणीला तेवढा वेळ लागतो.

झाले सोडवून? आता उत्तरे पाहू.

रक्ताची उत्तरे

पहिल्याचे उत्तर (ब). बऱ्याच घरांतून (अ) आले, आणि तेच स्वाभाविक आहे. आकडा बरोबर आला, मग गोळी कशाला? पण शरीराचा हिशेब घरखर्चासारखा असतो. मिळकत कमी पडली की आपण आधी बँकेतली बचत मोडतो, स्वयंपाकघराला झळ सगळ्यांत शेवटी लागते. शरीरही लोह कमी पडले की आधी साठा वापरते. तो साठा फेरिटिन या तपासणीतून कळतो. साठा संपत आला की मगच हिमोग्लोबिन खाली येते. भरपाई होताना क्रम उलटा : आधी हिमोग्लोबिन वर येते, बचत शेवटी भरते. म्हणून आकडा १२ वर आल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. मध्येच थांबवल्या तर पुढच्या पाळीच्या रक्तस्रावातच पुन्हा ओढाताण सुरू होते.

हा साठा भरायला इतका वेळ का लागतो, तेही पाहा. शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असते, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याइतके. शरीर ते फार काटकसरीने वापरते. जुन्या तांबड्या पेशी मोडून त्यातले २० ते २५ मिलिग्रॅम लोह रोज पुन्हा कामाला लावले जाते. अन्नातून नव्याने आत येते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. त्यात जेवणाबरोबर किंवा गोळीबरोबर चहा घेतला, तर चहातली द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून तसेच पुढे जाते. उलट, लिंबू किंवा आवळा असेल तर लोह चांगले शोषले जाते. ज्वारीची भाकरी आणि पालेभाजीवर लिंबू पिळून घ्या, चहा तास-दीड तासाने घ्या. गोळीने शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून गोळी सोडू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. "बायकांना अशक्तपणा असायचाच" असे आपण म्हणतो, कन्नड घरांत "सुस्तु" म्हणून सोडून देतात. पण ही स्त्रीजातीची प्रकृती नव्हे, हा न भरलेला साठा आहे. आणि एक सूचना पुरुषांसाठी व पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी. तुमचे हिमोग्लोबिन कमी आले तर नुसत्या गोळ्यांवर समाधान मानू नका. रक्त कुठून तरी जात असते. मूळव्याध, पोटातला व्रण, कधी आतड्याचा कर्करोगही असू शकतो. गोळीने आकडा सुधारतो आणि मूळ कारण तसेच दडून राहते.

दुसऱ्याचे उत्तर (ब). लोह कमी पडले तर पेशी लहान आणि फिक्या होतात, कारण आत भरायला हिमोग्लोबिनच पुरत नाही. बी-१२ कमी पडले तर पेशीला वेळेवर दुभंगताच येत नाही. ती फुगत राहते आणि रक्तात मोठ्या आकाराच्या, पण संख्येने थोड्या पेशी येतात. रिपोर्टवर एमसीव्ही असे लिहिलेला आकडा हाच आकार सांगतो. हेच जीवनसत्त्व मज्जातंतूंच्या आवरणालाही लागते. म्हणून मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे.

आपल्या भागात लिंगायत, जैन, ब्राह्मण अशी शाकाहारी घरे पुष्कळ. बी-१२ भाजीपाल्यात नसते, दूध-दही-ताकातून थोडे मिळते. त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी किंवा ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्या तर ते आणखी कमी होऊ शकते. मधुमेही आजोबांच्या पायाच्या मुंग्या मग साखरेच्या खात्यावर जमा होतात आणि बी-१२ कुणी तपासतच नाही. दुसरा धोका असा, की नुसत्या फॉलिक ॲसिडने हिमोग्लोबिन वर येऊ शकते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. इथेही आकडा सुधारला म्हणजे आजार गेला असे नाही.

तिसऱ्याचे उत्तर (ब), आणि इथे थोडे थांबायला हवे. थॅलेसेमिया मायनर असलेला माणूस आजारी नसतो. हिमोग्लोबिन बनवण्याच्या सूचनेच्या दोन प्रतींपैकी एक सदोष, एक चांगली. चांगलीवर काम भागते. बाळाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत मिळते. दोघांकडूनही सदोष प्रत आली तर बाळाला मेजर होतो, आणि मग आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. शक्यता २५ टक्के याचा अर्थ "चार मुलांत एक" असा घेऊ नका. प्रत्येक बाळंतपणात फासे नव्याने पडतात. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुरक्षित, असा काही हिशेब नाही.

आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ हे लग्न चालते. कर्नाटकात मामा-भाचीचेही चालते. मामा आणि भाची यांच्यात सरासरी एक चतुर्थांश जनुके सारखी असतात, मामे-आते भावंडांत एक अष्टमांश. म्हणजे घराण्यात सदोष प्रत असेल, तर ती दोन्ही बाजूंनी येण्याचा संभव वाढतो. रीत चांगली की वाईट हा वाद इथे नको. लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला एचबी-ए-२ ही रक्ततपासणी करून घ्यावी, एवढेच म्हणणे. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांचे हिमोग्लोबिन वर येत नाही आणि पेशी लहानच राहतात, त्यांनीही ती करावी. आणि हो, असे मूल जन्मले तर बोट सुनेकडे दाखवू नका. या आजाराला दोन्ही घरची प्रत लागते.

हृदयाची उत्तरे

चौथ्याचे उत्तर (ब). हृदय सगळ्या शरीराला मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुरवते, पण स्वतःच्या स्नायूला मात्र त्याच्या अंगावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांतूनच रक्त मिळते. या धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचतात. आपण कल्पना करतो ती नळात गंज साचत साचत नळ बंद होण्याची. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चरबीच्या थरावरचा पातळ पापुद्रा फाटतो, रक्ताला ती जखम वाटते, आणि जखमेवर गुठळी व्हावी तशी तिथे गुठळी होते. तीच वाट अडवते. अर्धीच अडलेली धमनीसुद्धा अशी काही मिनिटांत पूर्ण बंद होऊ शकते. "कालपर्यंत चांगला होता" याचे कोडे इथे सुटते. कन्नड चित्रपटसृष्टीतले पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी गेले, तेव्हा आपल्या घराघरांत हाच प्रश्न विचारला गेला होता.

रक्त थांबल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास स्नायू मरायला लागतो आणि पुढच्या काही तासांत तो मरत जातो. मेलेला स्नायू परत येत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा फायदा म्हणूनच घड्याळाशी बांधलेला असतो. आणि इथेच आपल्या दोन्ही भाषा आपल्याला फसवतात. मराठीत "छातीत जळजळ", कन्नडमध्ये "एदे उरि". हे शब्द उच्चारले की ओवा आला, सोडा आला आणि "सकाळी बघू" आले. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, दरदरून घाम, ही नेहमीची लक्षणे. पण स्त्रियांत, वृद्धांत आणि मधुमेहींत नुसता दम, घाम, मळमळ किंवा अचानक गळून जाणे एवढेच असू शकते. मधुमेहाने मज्जातंतू बोथट झालेले असतात, त्यामुळे कळच पोहोचत नाही. अशा वेळी ओव्याच्या डब्यापेक्षा ईसीजी जवळ करावा. कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार यांच्या नावाची "हृदयज्योती" योजना याच विचारातून आली आहे : तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातच ईसीजी आणि गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत. आपल्या तालुक्यात ही सोय कुठे आहे, ते आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

(अ) लिहिणाऱ्यांसाठी : हृदय एकदम थांबणे हा वेगळा प्रकार. त्यात हृदयाची विद्युतलय बिघडते. हार्ट अटॅक हे त्याचे एक मोठे कारण आहे, पण अटॅक आलेल्या बहुतेकांचे हृदय चालू असते. म्हणूनच त्यांना वाचवायला वेळ मिळतो.

पाचव्याचे उत्तर (ब). ब्लड प्रेशर, कन्नडमध्ये "रक्तदोत्तड", म्हणजे धमनीच्या भिंतीवर रक्ताचा दाब. वरचा आकडा हृदय आवळते तेव्हाचा, खालचा ते सैल पडते तेव्हाचा. हा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला तर हृदयाची भिंत जाड होते. मेंदू, डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्या कडक होतात. हे सगळे मुकाट चालते. डोके दुखलेच पाहिजे असे नाही. १३०/८० हा आकडा गोळी घेतल्यामुळे आलेला असतो. छत्री उघडल्यामुळे आपण कोरडे आहोत, म्हणून छत्री मिटायची का? गोळीने चक्कर येत असेल तर डॉक्टर मात्रा कमी करतील, पण ते त्यांनी ठरवावे. मीठ मात्र आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडे कमीच, असे सांगते. लोणचे, पापड, सांडगे आणि शेंगाचटणी धरून हं!

सहाव्याचे उत्तर (अ). शाळकरी वयात स्ट्रेप्टोकॉकस या जंतूमुळे घसा सुजतो. त्याच्याशी लढायला शरीर जी फौज उभारते ती काही मुलांत आपल्या-परक्यांत गल्लत करते आणि सांध्यांवर नि हृदयाच्या झडपांवर चालून जाते. सांधे सुजतात आणि काही दिवसांत पूर्ण बरे होतात. म्हणून घरचे निश्चिंत होतात. झडपा मात्र हळूहळू आखडत जातात. पुढे लग्न होऊन मुलगी गरोदर राहते. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि अरुंद झडपेतून ते पुढे जाईना, की तिला दम लागतो. "नाजूक आहे, कामाची सवय नाही" असा शेरा मारण्याआधी तिच्या छातीला एकदा स्टेथोस्कोप लागू द्या. ज्यांना हा आजार आहे त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देतात. ते दुखण्यावर नसते, पुढचा हल्ला होऊ नये म्हणून असते. दुखत नाही म्हणून ते चुकवणे महागात पडते.

ग्रंथींची उत्तरे

सातव्याचे उत्तर (ब). सर्वाधिक गोंधळ याच प्रश्नावर झाला. "थायरॉईड वाढलाय" असे आपण सर्रास म्हणतो आणि अर्थ नेमका उलटा असतो. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचे रसायन नव्हेच. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला काम करायला सांगते, तो हा निरोप. शेतात लांब असलेल्या गड्याने ओ दिली नाही तर आपण आवाज चढवतो, तसेच हे. थायरॉईड कमी काम करते म्हणून वरून हाक मोठी होते. टीएसएच १८ म्हणजे मोठी हाक.

सकाळची पांढरी बारीक गोळी म्हणजे ग्रंथी जे तयार करत होती तेच रसायन, थायरॉक्सिन. टीएसएच नॉर्मल आले म्हणजे मात्रा बरोबर बसली, आजार संपला असा त्याचा अर्थ नाही. हे रसायन रक्तात निम्मे व्हायलाच आठवडाभर लागतो. म्हणून मात्रा बदलल्यावर फेरतपासणी साधारण सहा आठवड्यांनी करतात, आणि गोळी सोडली तर त्रासही लगेच जाणवत नाही. "सोडून बघितली, काही झालं नाही की" असे पंधरा दिवसांनी म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ही गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवावी. तिन्ही एकदम घेतल्या तर ती नीट शोषली जात नाही.

गलगंड हा शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखा, कन्नडमध्ये "गळगंड". आयोडीन कमी पडले की थायरॉईड याच हाकेला ओ देता देता फुगते. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवले आणि १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आपल्या डब्यातले मीठ आयोडीनचे आहे त्यामागे एवढा इतिहास आहे.

आठव्याचे उत्तर (ब). अन्नातली साखर रक्तातून पेशीत जायला इन्शुलिनची किल्ली लागते. टाइप-२ मध्ये किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते, विशेषतः पोटाभोवती चरबी असेल तर. मग स्वादुपिंड जास्तीच्या किल्ल्या पाडत राहते आणि काही वर्षांनी थकते. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी डॉक्टरांनी इन्शुलिन सुचवले तर ती शिक्षा नव्हे, थकलेल्या अवयवाला दिलेला हात आहे. रोजच्या चालण्याला एवढे महत्त्व का? काम करणारा स्नायू किल्लीवाचूनही काही साखर आत ओढून घेतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचा अंदाज आला. पण घरातल्या एखाद्या मुलाला टाइप-१ असेल तर गोष्ट निराळी. तिथे शरीराने स्वतःच किल्ल्यांचा कारखाना नष्ट केलेला असतो. १९२२ साली टोरांटोत इन्शुलिन पहिल्यांदा रुग्णाला दिले जाईपर्यंत अशी मुले जगत नसत. कुणा जडीबुटीवाल्याच्या सांगण्यावरून त्या मुलाचे इन्शुलिन एक दिवसही थांबवू नका.

नवव्याचे उत्तर (ब). दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज थोडे नैसर्गिक स्टेरॉइड बनवतात. ताप, अपघात, शस्त्रक्रिया अशा वेळी तेच आपला रक्तदाब सावरते. बाहेरून भरपूर स्टेरॉइड येत राहिले की या ग्रंथी झोपी जातात. पुडी एकदम बंद केली तर बाहेरचे नाही आणि आतलेही नाही. उलट्या, रक्तदाब कोसळणे, प्रसंगी जिवावर बेतणे. म्हणून मात्रा हळूहळू उतरवत ग्रंथींना जागे करावे लागते. जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुडीचे खरे बिल असे नंतर येते. डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड अनेक आजारांत जीव वाचवते, त्याला मात्र उगीच भिऊ नये.

दहाव्याचे उत्तर (ब). हिमोग्लोबिनला रक्तातली साखर चिकटत जाते. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तिच्या अंगावर तेवढ्या दिवसांची नोंद राहते. तपासणीच्या आदल्या दिवशी कुंदा टाळून ती पुसता येत नाही! आता पहिला प्रश्न आठवा. लोहाच्या कमतरतेत पेशी जास्त दिवस फिरत राहतात आणि हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. पेशी लवकर मोडत असतील तर तो कमी दिसतो. म्हणजे रक्तक्षयाची माहिती न देता मधुमेहाचा रिपोर्ट वाचला तर चूक होऊ शकते. तशीच थायरॉईडची गोष्ट. ती मंद असेल तर पाळीत जास्त रक्त जाऊन रक्तक्षय होतो आणि कोलेस्टेरॉल वाढून हृदयालाही धोका होतो. डॉक्टर तीन असले, फायली तीन असल्या, तरी शरीर एकच. म्हणून कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी सगळीच्या सगळी न्या.

गुण किती?

आठच्या वर आले तर शाबास. पाच ते सात असतील तर शेजाऱ्यांबरोबर पुन्हा सोडवा. पाचाच्या खाली असतील तर वाईट वाटून घेऊ नका, हे आपल्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते. मात्र ही पत्रिका सोडवून कुणीही आपले औषध आपणच बदलू नये, एवढे बजावून सांगते.

दवाखान्यात मध्ये बसून भाषांतर करणाऱ्या मुला-नातवंडांना एक विनंती. गोळीची वेळ विचाराल तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा : शरीरात काय बिघडले आहे, ही गोळी तिथे काय करते, आणि मध्येच थांबवली तर काय होईल? "याक?" म्हणून विचारा किंवा "का?" म्हणून विचारा. मिळालेले उत्तर चिठ्ठीच्या पाठीमागे आजीला वाचता येईल अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहा. दोन भाषा येणाऱ्या घरात निदान "का" तरी वाटेत हरवू नये.